डेहराडूनच्या पावसात तीन सेंटिमीटर बर्फ

डेहराडूनच्या रायपूर भागात, महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारात एक बंदिस्त आइस रिंक, म्हणजे बर्फावर स्केटिंग करायचं मैदान, आहे. मैदान ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापाचं. जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा भारतात झाल्या. उतारावरचे खेळ औलीला आणि सपाट बर्फावरचे डेहराडूनला, अशी वाटणी होती आणि त्यासाठीच ही रिंक बांधली गेली. मार्च २०१२ मध्ये आइस हॉकीची चॅलेंज कप ऑफ एशिया स्पर्धा इथे झाली. मग यंत्रं थांबली, ती दहा वर्षांहून जास्त काळ थांबलेलीच होती. २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन 'हिमाद्री आइस रिंक' या नावाने ती पुन्हा सुरू झाली आणि २० ते २३ ऑगस्टला शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची एशियन ओपन ट्रॉफी तिथे पार पडली.

या सगळ्या हकिकतीत मला 'ऑगस्ट' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जानेवारीत डेहराडूनला थंडी असते, हवेत पाण्याची वाफ मुळातच कमी असते. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस झोडपत असतो. शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच. पाणी गोठवणं हे रिंकचं सोपं काम आहे, ते तर घरातला फ्रीजही करतो. बाहेरच्या दमट हवेपासून तो बर्फ राखणं हे अवघड काम, आणि रिंक चालू राहते की कुलूपबंद होते हे त्यावर ठरतं. म्हणून रिंक आतून कशी चालते हे जरा सविस्तर लिहितो.

बर्फाच्या खाली

रिंकमधला बर्फ जाड असतो असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो अडीच ते चार सेंटिमीटर असतो. कोपरे गोलाकार असल्यामुळे ६० बाय ३० च्या रिंकचं क्षेत्रफळ साधारण १,७४० चौरस मीटर भरतं. त्यावर तीन सेंटिमीटर बर्फ म्हणजे ४८ हजार लिटरच्या आसपास पाणी, दहा हजार लिटरचे जेमतेम पाच टँकर. एवढ्याशा पाण्यासाठी खाली केवढा तरी पसारा मांडलेला असतो.

सगळ्यात खाली दाबून बसवलेली खडी आणि वाळू. या थरात चक्क गरम द्रवाचे पाइप फिरवलेले असतात. बर्फाखाली तापवायचं कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. वरची थंडी वर्षानुवर्षं झिरपत राहिली तर खालची ओली माती गोठते, गोठताना फुगते आणि अख्खा स्लॅब वर उचलते. मग मैदानाला पोट येतं, काँक्रीटला भेगा जातात, पाइप ताणले जातात. एकदा असं झालं की स्लॅब फोडण्यावाचून फारसा इलाज उरत नाही. म्हणून खालची माती शून्याच्या वर चार-पाच अंशांवर ठेवायची. कम्प्रेसरमधून जी उष्णता बाहेर टाकायची असते तीच इथे वापरता येते, वेगळं इंधन लागत नाही.

खडीच्या वर ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद आणि त्यावर कडक फोमच्या शीट, साधारण दहा सेंटिमीटर. पाच-पाच सेंटिमीटरचे दोन थर घालतात, तेही खालचे सांधे वरच्या सांध्यांखाली येणार नाहीत असे. फोमवर दोन गुळगुळीत प्लास्टिकचे पडदे अंथरतात आणि त्यावर १२ ते १५ सेंटिमीटरचा काँक्रीट स्लॅब. पडदे दोन असण्याचं कारण म्हणजे स्लॅब आखडतो. ६० मीटरचा स्लॅब ३० अंशांवरून उणे ८ पर्यंत नेला की लांबीत दोन सेंटिमीटरहून थोडा जास्तच कमी होतो. त्याला फोमवर सरकायला मिळालं नाही तर तो मधेच तडकतो.

स्लॅबच्या पोटात थंड द्रवाचे पाइप असतात. साधारण एक इंच व्यासाचे, एकमेकांपासून नऊ-दहा सेंटिमीटरवर, मैदानभर समांतर. सगळे जोडले तर सतरा-अठरा किलोमीटर लांबी होते. आत ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी, कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, नाहीतर ग्लायकॉल हा सहजी न गोठणारा द्रव. हा द्रव उणे ९ ते उणे १२ अंशांवर आत जातो आणि एक-दोन अंशांनी तापून परत येतो. या जाण्यायेण्यातल्या फरकावर यंत्रचालकाची सतत नजर असते. फरक तीन अंशांवर गेला तर एक तर मैदानावर उष्णता जास्त पडते आहे, नाहीतर द्रव पुरेसा वाहत नाही. आधी पंपापुढची जाळी काढून बघायची, बहुतेक वेळा ती गाळाने तुंबलेली असते. सगळं मैदान घट्ट आणि एकच लांब पट्टा ओलसर, असं दिसलं तर त्या पट्ट्याखालच्या पाइपात हवा अडकली आहे असं समजायचं. मुख्य नळाच्या टोकाला हवा सोडायची चावी असते. ती हळूहळू उघडून, फुसफुस थांबून अखंड धार लागेपर्यंत धरायची.

द्रव थंड करणारी यंत्रणा बहुधा अमोनियावर चालते. अमोनिया उष्णता उत्तम वाहून नेतो, स्वस्त आहे, ओझोनला धक्का लावत नाही. पण तो विषारी आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये जुन्या चिलरच्या, म्हणजे अमोनियाने ब्राइन थंड करणाऱ्या भांड्याच्या, नळीतून अमोनिया ब्राइनमध्ये मिसळला, तिथून तो बाहेर पडला आणि तीन माणसं गेली. त्या नळीत गळती आहे हे आधी लक्षात आलं होतं आणि तरीही यंत्र पुन्हा चालू केलं गेलं, हे मला त्यातलं सगळ्यात वाईट वाटतं. अमोनिया यंत्रघराच्या भिंतीबाहेर कधीच येता कामा नये. मैदानाखाली फक्त ब्राइन किंवा ग्लायकॉल, यंत्रघराला स्वतंत्र पंखे, गळती ओळखणारी घंटा, आणि मास्क यंत्रघराच्या दाराबाहेर. आत टांगलेला मास्क गळतीच्या वेळी कामाचा नसतो.

पहिला बर्फ

रिकामा स्लॅब एकदम थंड करायचा नाही. तो काही दिवसांत टप्प्याटप्प्याने खाली आणायचा, नाहीतर वर आणि खाली वेगवेगळा आखडून भेगा पडतात. स्लॅबचा पृष्ठभाग उणे ७-८ अंशांच्या आसपास स्थिर झाला की पाणी सोडायला सुरुवात होते. सोडायला म्हणजे फवारायला. पहिला थर धुक्यासारखा, जेमतेम काँक्रीट ओलं होईल इतका. तो लगेच धरतो आणि काँक्रीटची छिद्रं बंद करतो. असे दोन-तीन थर झाले की पांढरा रंग. काँक्रीट करडं असतं, त्यावर पारदर्शक बर्फ केला तर मैदान काळपट दिसतं, पक म्हणजे आइस हॉकीची काळी चकती दिसत नाही आणि गडद तळ दिव्यांची उष्णताही जास्त शोषतो. पाण्यात कालवलेली पांढरी पूड फवाऱ्यानेच मारतात, पुन्हा पाण्याचे हलके थर देऊन ती बंद करतात, मग हॉकीच्या रेषा. मधली लाल आणि दोन निळ्या रेषा ३० सेंटिमीटर रुंद, गोलच्या रेषा पाच सेंटिमीटर. दोरी ताणून, कडेला खाच पाडून, ब्रशने रंगवायच्या आणि वर पुन्हा पातळ थर.

त्यानंतर खरी चिकाटी लागते. एक मिलिमीटरचा थर द्यायला १,७४० लिटर पाणी लागतं. असे पंचवीस-तीस थर, प्रत्येक आधीचा पूर्ण गोठल्यावर. घाई करून पाच मिलिमीटर एकदम ओतलं तर वरचा पापुद्रा आधी गोठतो आणि खाली पाणी किंवा हवा अडकते. स्केटचं पातं त्यावरून गेलं की तो पापुद्रा पापडासारखा फुटतो.

पाण्याचा दर्जा इथे फार महत्त्वाचा. पाणी गोठताना त्यातले क्षार बर्फाच्या स्फटिकांबाहेर ढकलले जातात आणि शेवटी गोठणाऱ्या भागात साचतात. जड पाण्याचा बर्फ दुधी दिसतो, वरून मऊ राहतो आणि तेवढाच घट्ट ठेवायला तापमान आणखी खाली न्यावं लागतं, म्हणजे वीज जास्त. डेहराडूनचं खोरं चुनखडीच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे आणि तिथलं पाणी जड म्हणूनच ओळखलं जातं. अशा ठिकाणी आरओ लागतोच. पण पूर्ण क्षारमुक्त पाणीही नको, त्याचा बर्फ काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून थोडं मूळ पाणी मिसळतात.

हवा

आता मूळ मुद्दा. ऑगस्टमध्ये बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. रिंकच्या आत १० अंश आणि ६० टक्के आर्द्रता हवी, म्हणजे साडेपाच ग्रॅम. मधले १९ ग्रॅम कुठेतरी काढून टाकावे लागतात. ८० मीटर लांब, ४५ मीटर रुंद, १० मीटर उंच सभागृह घेतलं तर त्यात ३६ हजार घनमीटर हवा मावते. ती हवा एकदा जरी बाहेरच्या हवेने बदलली गेली तरी जवळजवळ ६८० लिटर पाणी वाफेच्या रूपात आत आलं. ते यंत्राने काढलं नाही तर बर्फ स्वतःच काढतो, कारण सभागृहातली सगळ्यात थंड जागा तीच आहे. वाफ बर्फावर दवासारखी बसते आणि गोठते. एक किलो वाफ अशी जमली की बर्फाला सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता सोसावी लागते. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल पुरतात. म्हणजे दमट हवा ही बर्फाला उन्हाइतकीच घातक आहे, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

दिसतं ते धुकं. बर्फावरची थंड हवा दवबिंदूच्या, म्हणजे वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाच्या, खाली गेली की गुडघाभर उंचीचं धुकं मैदानावर तरंगू लागतं आणि हॉकीच्या खेळाडूला स्वतःचे पाय दिसेनासे होतात. ही तक्रार आजची नाही. यंत्राने गोठवलेली पहिली रिंक लंडनच्या चेल्सी भागात ७ जानेवारी १८७६ रोजी सुरू झाली, तिचं नाव ग्लेशियारियम. ती उभारणारे जॉन गॅमजी मूळचे पशुवैद्य, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून मांस गोठवून आणता येईल का या खटपटीत असताना त्यांना ही रिंकची वाट सापडली. काही आठवड्यांत ती किंग्ज रोडवरच्या कायमच्या जागेत गेली. मैदान ४० फूट बाय २४ फूट, म्हणजे आजच्या रिंकचा कोपरासुद्धा नव्हे. तळाला काँक्रीट, त्यावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्या असा उष्णतारोधक थर. वर लंबगोल तांब्याच्या नळ्या आणि त्यांतून ग्लिसरीन, ईथर, नायट्रोजन पेरॉक्साइड आणि पाण्याचं मिश्रण. भिंतींवर आल्प्सची चित्रं, वाद्यवृंदासाठी सज्जा. फोमऐवजी गाईचे केस आणि ग्लायकॉलऐवजी ग्लिसरीन एवढंच बदललं, तर दीडशे वर्षांपूर्वीची ही रचना आजच्या रिंकच्या पोटात जशीच्या तशी दिसते. गॅमजींना गोठवणं जमलं होतं. बर्फावर उठणाऱ्या धुक्याचं काय करायचं हे मात्र जमलं नाही आणि त्या पहिल्या रिंका फार टिकल्या नाहीत.

आज त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, एसीसारख्या थंड कॉइलवरून हवा नेऊन पाणी गाळणं. पण हवेचा दवबिंदू चार-पाच अंशांच्या खाली न्यायला गेलं की कॉइलवरच बर्फ साचतो आणि यंत्र गुदमरतं. १० अंश आणि ६० टक्के म्हणजे दवबिंदू अडीच अंशांच्या आसपास, तिथे हा उपाय कमी पडतो. म्हणून दुसरा उपाय, सिलिका जेलचं फिरतं चाक. औषधाच्या डबीत ओल शोषणारी छोटी पुडी असते तीच ही वस्तू, फक्त माणसाच्या उंचीच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या चाकावर बसवलेली. चाकाच्या एका भागातून रिंकची हवा जाते आणि कोरडी होते, उरलेल्या भागातून १०० अंशांच्या वर तापवलेली हवा जाऊन चाक वाळवते. चाक तासाला काही फेऱ्या इतक्या संथ गतीने फिरतं. यातली गोम अशी की चाकापुढचं फिल्टर धुळीने भरलं किंवा तापवणारा हीटर अर्ध्या ताकदीवर आला, तर चाक फिरताना दिसतं, पंख्याचा आवाजही येतो, पण हवा कोरडी होत नाही. म्हणून चाक फिरतंय का हे न बघता चाकाच्या पुढची आणि मागची आर्द्रता मोजून लिहून ठेवायची, रोज.

हवेबरोबर छपराचंही बघावं लागतं. तापलेलं पत्र्याचं छप्पर बर्फाकडे सतत उष्णता फेकत असतं. बर्फावर येणाऱ्या एकूण उष्णतेचा चौथा ते तिसरा हिस्सा एकट्या छपराकडून येऊ शकतो. छताखाली चकचकीत ॲल्युमिनियमच्या फॉइलचा पडदा ताणला की हा हिस्सा खूपच घटतो. शिवाय छप्पर बर्फाच्या थंडीने गार पडून त्यावर दव साचत होतं, तेही थांबतं. छतावरून पडणारा थेंब दिसायला किरकोळ, पण एकाच जागी रात्रभर टपटप पडला तर सकाळी तिथे शिवलिंगासारखा उंचवटा तयार झालेला असतो. वेगात येणाऱ्या स्केटरचं पातं त्याला अडलं तर माणूस थेट फेकला जातो. कुठल्याही रिंकमध्ये गेलात तर आधी छताकडे बघा, मग बर्फाकडे. छताला ओल असेल तर त्या रिंकची हवा सांभाळली जात नाही, मग स्वागतकक्ष कितीही झकपक असो.

दारांचाही विचार इथेच करायचा. बाहेर आणि आत यांच्यामध्ये एकामागे एक दोन दारं हवीत आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडू नये. स्पर्धेच्या दिवशी सामान आणायला दोन्ही दारं दगड लावून उघडी ठेवली जातात. मग संध्याकाळी धुकं आलं की सगळे यंत्रघराला बोल लावतात.

मैदान पुन्हा आरशासारखं करताना

तासभर स्केटिंग झालं की मैदानावर चरे पडतात आणि बर्फाचा भुगा साचतो. पूर्वी ट्रॅक्टरमागे खरवडणी बांधून, फावड्याने भुगा उचलून, पाणी मारून, फडक्याने पुसून हे काम करत. अनेक माणसं आणि तासाहून जास्त वेळ. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावी १९४० मध्ये आइसलँड नावाची रिंक सुरू करणाऱ्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये एकाच माणसाने चालवायचं यंत्र तयार केलं. आज कुठल्याही कंपनीच्या यंत्राला लोक झांबोनीच म्हणतात.

यंत्राच्या मागे जवळजवळ दोन मीटर रुंदीचं पोलादी पातं असतं. ते बर्फाचा अर्धा-एक मिलिमीटर थर तासतं. भुगा आडव्या मळसूत्राने मध्ये येतो, उभ्या मळसूत्राने टाकीत चढतो. पात्यामागे गार पाण्याने चरे धुतले जातात, घाण ओढून घेतली जाते आणि सगळ्यात मागे ओलं फडकं ६० अंशांच्या गरम पाण्याचा पातळ थर अंथरत जातं. गरम पाणी का? त्यात विरघळलेली हवा कमी असते, म्हणून बर्फ स्वच्छ होतो. आणि ते खालचा बर्फ किंचित वितळवून त्याला एकजीव होतं, पापुद्रा सुटत नाही. किंमतही लक्षात घ्या. एका फेरीला ५०० लिटर पाणी धरलं, तर ६० अंशांवरून उणे ५ चा बर्फ व्हायला त्यातून सुमारे ८३ युनिट उष्णता काढावी लागते. १५ अंशांच्या पाण्याला ५७ युनिट पुरतात. म्हणून सकाळच्या सरावाला कोमट पाणी आणि सामन्याआधी गरम, असा समंजस हिशेब चांगले चालक करतात.

पातं इतकं धारदार असतं की ते बदलताना दोन माणसं आणि जाड हातमोजे लागतात. चालकाने आधी मैदानाभोवतीच्या कुंपणाच्या फळ्यांच्या कडेने फेऱ्या घ्यायच्या, मग मधून लांबट वळणं घेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत जायचं. गरम पाणी चालू असताना यंत्र मैदानात थांबवायचं नाही, जागच्या जागी खळगा पडतो. फेरी संपल्यावर दहा मिनिटं कुणालाही आत सोडायचं नाही, मुलांनी कितीही दार वाजवलं तरी. यंत्र बॅटरीवरचं असावं. गॅसवरच्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड बंद सभागृहात थंड हवेबरोबर खालीच, मुलांच्या नाकाशी रेंगाळतो.

यंत्र अगदी फळीला भिडत नाही. त्यामुळे कडेला बर्फ चढत जातो आणि मधला भाग झिजतो. काही आठवड्यांत मैदानाची परात होते. कड तासायला हातगाडीसारखं वेगळं यंत्र असतं, ते आठवड्यातून एकदा तरी फिरवायला हवं. त्याबरोबरच ड्रिलने ठरलेल्या जागी भोकं पाडून जाडी मोजायची. दोन सेंटिमीटरच्या खाली गेलं तर पातं रंगाला लागण्याची भीती, चारच्या वर गेलं तर थंडी वरपर्यंत पोहोचवायला ब्राइन आणखी गार करावा लागतो आणि बिल वाढतं.

एकच मैदान, वेगवेगळे बर्फ

हॉकीला उणे साडेपाच-सहा अंशांचा घट्ट बर्फ लागतो, नाहीतर पक उड्या मारतो आणि भुगा फार होतो. फिगर स्केटिंगला उणे साडेतीन-चारचा, थोडा मऊ, कारण पात्याच्या पुढचे दात बर्फात रुतवून उडी घ्यायची असते आणि घट्ट बर्फ तिथे ढलपे टाकतो. स्लॅबचं तापमान बदलायला काही तास लागतात. त्यामुळे एक तास हॉकी, एक तास फिगर असं वेळापत्रक कागदावरच शोभतं. सकाळ फिगरला, संध्याकाळ हॉकीला, असं ठरवणारा व्यवस्थापक दोघांनाही न्याय देतो.

शॉर्ट ट्रॅकची तऱ्हा निराळी. १११.१२ मीटरची लंबवर्तुळाकार धाव, प्रत्येक वळणावर सात रबरी ठोकळे, फळ्यांना जाड गाद्या. सगळा भार वळणावर येतो आणि तिथला बर्फ अक्षरशः कुरतडला जातो. म्हणून धावमार्ग आखतानाच एकमेकांपासून एकेक मीटर सरकवलेले पाच मार्ग आखलेले असतात आणि दिवसभरात ठोकळे एकावरून दुसऱ्यावर हलवतात. दोन शर्यतींच्या मध्ये कर्मचारी बादलीने वळणावर पाणी ओततात. ते चऱ्यांत शिरून मिनिटभरात गोठतं. टीव्हीवर ही माणसं दिसतात तेव्हा शर्यत थांबल्यासारखी वाटते, पण पुढच्या स्केटरचा जीव त्या बादलीवर असतो.

महाराष्ट्राचा या रिंकशी संबंध इथेच येतो. पुण्या-मुंबईतली बरीच मुलं इनलाइन स्केटवर, म्हणजे चाकांवर वेग शिकतात आणि मग शॉर्ट ट्रॅककडे वळतात. लेहला झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटर्सनी पदकंही मिळवली आहेत. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधली छोटी रिंक अनेकांना आठवत असेल, पण शॉर्ट ट्रॅकचं वळण अशा ठिकाणी बसत नाही, त्याला पूर्ण मापाचं मैदानच लागतं. चाकांवरून बर्फावर येणाऱ्यांनी दोन सवयी आधी सोडाव्यात. चाकांवर पायाच्या बोटांनी शेवटचा झटका देत मागे ढकललं तरी चालतं. बर्फावर अख्खं पातं टेकवून बाजूला ढकलावं लागतं, नाहीतर टोक रुततं. आणि थांबण्यासाठी पाय मागे ओढायचा नाही, दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडायचा. शॉर्ट ट्रॅकचं पातं सपाट घासलेलं असतं, हॉकीच्या पात्यासारखी मधली खाच त्याला नसते, शिवाय ते बुटाच्या डावीकडे सरकवून बसवलेलं असतं. त्यामुळे पहिले काही दिवस तोल जाणं स्वाभाविक आहे. धार लावलेली आहे का हे बघायला नखाची कड पात्यावर आडवी फिरवावी. नखाचा पांढरा कीस निघाला तर धार ठीक.

नुसती मजा म्हणून जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि एकच पातळ मोजा घालावा. दोन जाड मोजे घातले की पाय बुटात हलतो आणि घोटा मुरगळतो. लेस पंजाशी सैल, घोट्याशी घट्ट. पडल्यावर बोटं मुठीत घ्यायची, मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जाऊ नये म्हणून.

शिमल्याची रिंक १९२० पासून आहे, उघड्यावरची. तिथे संध्याकाळी पाणी शिंपडतात आणि रात्रीच्या थंडीत ते गोठतं. आभाळ निरभ्र असेल तरच. ढग आले की जमिनीची उष्णता वर निसटत नाही आणि सकाळी हाती नुसता चिखल लागतो. लडाखचे हॉकीपटूही असेच निसर्गाच्या बर्फावर तयार झाले, हिवाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत. भारतीय महिलांनी २०२५ मध्ये यूएईतल्या अल ऐनच्या आइस हॉकी आशिया चषकात कांस्य मिळवलं, त्यामागे असली वर्षं आहेत. वर्षभर चालणारं एक मैदान अशा खेळाडूंना किती मोठा फरक पाडेल हे वेगळं सांगायला नको.

बंद रिंक उघडताना

वर्षानुवर्षं थांबलेली रिंक बटण दाबून सुरू होत नाही. कम्प्रेसरचे सील सुकून आकसलेले असतात, ब्राइनमधली गंज रोखणारी रसायनं निष्प्रभ झालेली असतात आणि मुख्य नळांना आतून गंज चढलेला असतो. आधी ब्राइनचा नमुना तपासायचा. त्यात अमोनियाचा अंश सापडला तर चिलरची नळी फुटली आहे, पुढे एक पाऊलही टाकायचं नाही. मग पाइपांचे गट एकेक करून दाबाखाली ठेवायचे, रात्रभर, आणि सकाळी काटा खाली आला आहे का ते बघायचं. एखादा पाइप गळत असेल तर स्लॅब फोडण्याआधी तो मुख्य नळापाशीच दोन्ही टोकांना बंद करता येतो. अठरा किलोमीटरमधला एक पाइप गेला तर शेजारचे दोन ते सांभाळून घेतात. शेजारशेजारचे दोन गेले तर मात्र तिथे मऊ पट्टा राहतोच.

त्यानंतर खालच्या मातीतले तापमापक जोडायचे, गरम पाइपांचा पंप सुरू करायचा. मग दारांची रबरं, छताचं फॉइल, हवा कोरडी करणारं चाक. सभागृहाचा दवबिंदू अडीच-तीन अंशांवर दोन दिवस टिकला की ब्राइन खाली आणायला घ्यायचा. हा क्रम उलटा केला आणि दमट हवेत स्लॅब आधी गार केला, तर पाण्याचा थेंबही न फवारता स्लॅबवर पांढरा, भुसभुशीत दहिवराचा थर चढतो. त्यावर कितीही चांगलं पाणी मारलं तरी बर्फ काँक्रीटला धरत नाही. तो थर खरवडून, स्लॅब पुसून, कोरडा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.